लाकूड चाखणारे मास्तर

गिटार विकत घ्यायला गेल्यावर दुकानदाराला ती वाजवू द्यायची नाही, हा मास्तरांचा पहिला नियम होता. ते म्हणत, "त्याचा हात तयार असतो. तो वाजवतो आणि तुला वाटतं, गिटारच चांगली आहे. मग तू त्याच्या हातावर भुलून गिटार घेतोस, आणि हात राहतो दुकानात." दुसरा नियम, दुकानात आपल्याला येणारी सगळ्यात सोपी गोष्ट वाजवायची. अवघड वाजवायला गेलं की माणूस स्वतःच्या बोटांकडे बघतो, गिटारकडे त्याचं लक्षच नसतं. तिसरा नियम रंगाचा. रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

चौथा नियम ते सांगत नसत, करून दाखवत. विजेवरच्या गिटारला वरच्या बाजूला शिंगासारखं एक टोक असतं. त्या टोकावर ते पुढचे दात टेकवत, डोळे मिटत आणि अंगठ्याने एकेक तार छेडत. तार थांबेपर्यंत दात उचलत नसत. मग ते टोक सदऱ्याला पुसून म्हणत, "गोड आहे." किंवा "कच्चं आहे." किंवा काहीच न बोलता गिटार परत देत.

दौंडमध्ये याची सगळ्यांना सवय होती. "मास्तर लाकूड चाखत्यात," असं लोक म्हणत आणि हसत. मास्तरही हसत.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे, असं मला वाटतं. तसे ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडून घरी बसले होते. तरुणपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाताळात नाच व्हायचे, तिथे गिटार वाजवणाऱ्या एका इंजिन ड्रायव्हरच्या मागे लागून ते शिकले. लग्न केलं नाही. थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आली होती, तिला सगळे आक्का म्हणत. दोघं बहीणभाऊ दोन खोल्यांत राहत. शिरूरच्या एका ऑर्केस्ट्रात मास्तर गिटार वाजवत. लग्नसराई आणि जत्रा हा त्यांचा सगळा हंगाम.

मी न्हावऱ्याचा, म्हणजे शिरूर आणि दौंडच्या मधला. घरी ऊस, कांदा आणि चार म्हशी. नव्वदीच्या शेवटी शेवटी रांजणगावला कारखाने उभे राहिले, त्यातल्या एकात मी लागलो होतो. वरवंडच्या एका लग्नात मास्तरांची गिटार ऐकली आणि जेवणाच्या पंगतीत त्यांच्या समोर जाऊन बसलो. म्हणालो, "मला शिकवाल का?" त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "परत बोल. घास गिळून बोल." मी परत बोललो. ते म्हणाले, "ये दौंडला."

मास्तरांच्या घराचं दार कायम उघडं. पडदा बाजूला करून सरळ आत जायचं आणि त्यांच्या समोर उभं राहायचं, ही रीत. कुणी कडी वाजवली तर आक्का बाहेर येई, मास्तर कधीच नाही. "दार वाजवणाऱ्या माणसाला आत यायचं नसतं," असं ते म्हणत. शिकायला बसताना मला खिडकीकडे तोंड करून बसवत. ते स्वतः उजेडाला पाठ करून. फोनचा त्यांना मनापासून राग. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून कुणी सांगत आलं की मास्तर, तुमचा फोन, तर ते म्हणत, "ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं? भुताशी बोलल्यासारखं!" आणि आक्काला पाठवत.

बोलायचे हळू. इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. आणि एकदा बोलायला लागले की थांबत नसत. शेडमधल्या गोष्टी, इंजिनांचे स्वभाव, कुठल्या साहेबाच्या टोपीत उंदीर निघाला, एकातून दुसरी. मी काही विचारायला तोंड उघडलं की त्यांची तिसरी सुरू. मला वाटे, एकटा माणूस आहे, बोलायला कुणी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा उलगडली. शांत जागी मास्तर हरवल्यासारखे दिसत. कुणाच्या घरी चारजण हळू आवाजात बोलत बसले असले की ते उगाच मान हलवत, मध्येच उठून जात. पण स्टेशनवर, गाडी धडधडत येत असताना, बाजारात, पिठाच्या गिरणीत त्यांच्या अंगात वेगळंच वारं येई. गिरणीवाल्याशी त्यांच्या तास तास गप्पा चालत. गिरणी चालू असताना, बरं का. बंद झाली की उठून घरी.

वर्षभर मी त्यांच्याच जुन्या गिटारवर शिकलो. दिवाळीला बोनस मिळाला, तेव्हा आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना सांगितलं की मला विजेवरची गिटार घ्यायची आहे. आप्पा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जात. पुढे कळप मोडला आणि जमीन केली, पण वस्तू पारखायची त्यांची पद्धत मेंढपाळाचीच राहिली. मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं.

"ह्याला पोकळी कुठं हाय?"

"विजेच्या गिटारला नसती आप्पा. भरीव असती."

"म्हंजी पाटाला तारा लावल्यात." थोडा विचार करून ते म्हणाले, "आन् पारख कोण करणार?"

"मास्तर येणार हायेत. ते दात लावून बघत्यात."

आप्पांनी चित्र माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "आमी मेंढराचं दात बघून मेंढरू घ्यायचो. तुजा मास्तर सवताचं दात लावतो व्हय? जा बाबा. बेस हाय."

शटलने आम्ही पुण्याला गेलो. लष्कर भागातलं ते दुकान काचेच्या दाराचं, गार आणि शांत. इतकं शांत, की बूट वाजायला नको म्हणून मी चवड्यांवर चालत होतो. भिंतीवर ओळीने गिटारी टांगलेल्या. मला काही कळत नव्हतं. दहाबारा सूर आणि वीसेक गाणी येणाऱ्या माणसाला काय कळणार? माझे डोळे एका काळ्याभोर, चकचकीत गिटारवर गेले. तिला एक चंदेरी दांडा होता, तो दाबला की सूर लहरत जाई. दुकानातल्या पोऱ्याने ती काढून वाजवून दाखवली आणि मी भुललो. पहिला नियम तिथेच मोडला.

मास्तरांनी काळी गिटार हातात घेतली, बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि तिच्या मानेवरून, म्हणजे तारांखालच्या लांब पट्टीवरून, नजर टाकली. "मान वाकडी आहे," ते म्हणाले. "आणि हा दांडा तुला सहा महिने नाचवील. दाबलास की तारा उतरणार. तू गाणं वाजवणार की तारा चढवत बसणार? नवशिक्याला जेवढं कमी हलतं तेवढं बरं." मग अंगठा मानेच्या कडेवरून फिरवून माझाही अंगठा धरून फिरवला. मानेवरच्या आडव्या पितळी पट्ट्यांची टोकं बोटाला लागत होती. "हे रोज टोचणार. मग तू वाजवणं सोडणार आणि म्हणणार, मला वेळ मिळत नाही."

एकामागून एक त्यांनी सात-आठ गिटारी उतरवल्या. प्रत्येकीच्या शिंगावर दात टेकवले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काका, तोंडात नका घालू. विकायचा माल आहे." मास्तरांनी लक्ष दिलं नाही. कॉलेजची दोन पोरं हसायला लागली. मी काय केलं? मी चार पावलं बाजूला सरकलो आणि बासऱ्या बघायला लागलो. माझं त्या म्हाताऱ्याशी काही नातं नाही, असा.

मास्तरांनी काळी गिटार तशीच ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, टेकवून ठेवली होती, आवाजाचं बटण पूर्ण चढलेलं. ते पाठ करून एक मातकट तपकिरी गिटार बघत होते. तेवढ्यात ॲम्प शिट्टी घालायला लागला. आधी बारीक, मग चढत चढत इतकी कर्कश, की पोरांनी कान झाकले, गल्ल्यावरचा माणूस ओरडला, "अहो काका, बंद करा ते! काका!" काचा थरथरत होत्या. आणि मास्तर, त्या ॲम्पपासून दोन हातांवर, शांतपणे तपकिरी गिटारच्या मानेवर नजर लावून उभे होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

पोऱ्याने धावत जाऊन वायर उपटली. मास्तर वळले. सगळ्यांचे हात कानांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझेही हात कानांवर होते.

"ही घे," ते तपकिरी गिटार पुढे करत म्हणाले. "गोड आहे."

मी घेतली. त्यात त्यांची काही चूक झाली नाही, हे एवढ्या वर्षांनी मी सांगू शकतो.

परतीच्या शटलला आम्हाला दाराजवळ जागा मिळाली. लोणी गेलं, उरुळी गेलं. डबा खडखडत होता, माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडून बोलत होती. यवतच्या आसपास मास्तरांनी विचारलं, "शिट्टी मोठी होती का रे?"

"कुठली शिट्टी?"

"उगाच वेड पांघरू नको. दुकानातली."

"व्हय," मी म्हणालो. "लई मोठी."

ते हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणापासून दोन्ही कान वाहायचे. आईने तेल घातलं, कुणी पाला पिळला, कुणी धुरी दिली. कान वाहायचे थांबले आणि ऐकू येणंही हळूहळू थांबत गेलं. शेडमध्ये चालून गेलं, तिथे सगळेच ओरडायचे. शेवटी एकदा मागून येणारं इंजिन कळलं नाही, सोबत्याने ओढलं म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. कारण कुणाला सांगितलं नाही.

"गाडीत मला ऐकू येतं," ते म्हणाले. "इथे सगळे मोठ्याने बोलतात ना. चढे, बारीक आवाज तेवढे पार गेलेत. आणि दातांनी येतं. लाकडातून हाडात, हाडातून आत. कान नुसतं दार आहे रे. दार लागलं तर खिडकीतून यायचं."

"मंग ऑर्केस्ट्रात कसं वाजवता?"

"ड्रम. ड्रमच्या शेजारी उभा राहतो बघ मी, त्याच्याच फळीवर. पायातून सगळं वर येतं. ताल येतो, बेस येतो, गाणाऱ्या बाईंचं तोंड दिसतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरात मला काही नाही. आक्का भांडी घासते, मला नळ चालू आहे का बंद, कळत नाही. तिथे त्या फळीवर उभा राहिलो की सगळं जग परत चालू होतं. हंगामातले ते दिवस वजा केले ना, तर माझ्याकडे काय उरतं, तूच सांग."

मी म्हणालो, "कानाला मशीन का लावत न्हाई?"

"मशीन दिसतं. मशीनवाल्या गिटारवाल्याला कोण ठेवील? तू ठेवशील?"

मी गिटारची पिशवी मांडीवर नीट घेतली.

"आक्काला माहीत आहे. आता तुला. आणखी कुणाला बोलू नकोस."

"न्हाई बोलणार, मास्तर."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मी तेच बोललो याची खात्री करून घेतल्यासारखं. आणि मग केडगाव येईपर्यंत ते माझ्या नव्या गिटारच्या पिशवीवर हात ठेवून झोपले.

पुढच्या हंगामाच्या आधी ऑर्केस्ट्राच्या मालकाने ऑक्टोपॅड आणला. मालक म्हणजे शिरूरचे बाळूशेठ, मंडप आणि स्पीकर भाड्याने देणारे. मनाने वाईट माणूस नव्हे. ऑक्टोपॅड म्हणजे एवढीशी पाटी, तिच्यावर काठ्या मारल्या की ढोलापासून तबल्यापर्यंत हवा तो आवाज स्पीकरमधून निघतो. टेम्पोत जागा वाचते, एक माणूस वाचतो. जुना ड्रम गोदामात मंडपाच्या कनातीखाली गेला.

मास्तर भांडले. "मशीनला पाय नसतात शेठ," ते म्हणत राहिले. "ड्रमला पाय असतात. ड्रम परत आणा." सगळे हसले. मास्तर असंच काहीतरी बोलतात, ही सगळ्यांची सवय. मी एकटा हसलो नाही, कारण मला अर्थ माहीत होता. पण मी बोललोही नाही.

रविवारी दुपारी शिरूरच्या गोदामात तालीम चाले, मी गिटार घेऊन नुसता बघायला जाई. मास्तर आता स्पीकरच्या खोक्यावर बसून वाजवायला लागले होते. पण खोकं कधी जवळ असे, कधी लांब. गाणं थांबलं तरी त्यांची एक तार पुढे जाई. गाणाऱ्या बाई वैतागून मागे वळून बघत.

अशाच एका रविवारी बाळूशेठ मला चहाला घेऊन गेले. एसटी स्टँडसमोर, दुपारचे तीन वाजले असतील.

"काय रं, तुजं मास्तर ठिकाणावर हाय का?"

"का वो शेठ?"

"आरं गाणं संपतंय आन् ह्यांचं आपलं चालूच. बाई म्हणत्यात, दुपारची घेऊन येत्यात. पितो का काय?"

"न्हाई वो! सुपारीबी खात न्हाईत."

"मंग काय झालंय? खरं सांग. न्हाईतर बाई म्हणत्यात तेच मी खरं धरनार."

आणि मी बोललो. "त्यांना ऐकू येत न्हाई."

शेठचा बशीतला चहा तसाच राहिला. "कवाधरनं?"

"लई दिवस झालं. आधीपासनं."

"आयला! आन् मी त्यांनाच विचारायचो, मास्तर, आवाज बराबर हाय का?" ते हसले, मग त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. "आपली यादी येती का तुला? सगळी गानी?"

"येती," मी म्हणालो.

अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मास्तरांवर दारूचा आळ येऊ नये म्हणून मी ते बोललो. हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. "त्यांना ड्रम परत द्या, फळीवर उभं करा, ते कुणापेक्षाही चांगलं वाजवतील," एवढं एक वाक्य मला येत होतं. त्या बाकड्यावर बसून ते माझ्या मनात येऊनही गेलं. माझ्या खांद्याला नवी गिटार होती. समोरच्या गोदामात एक जागा रिकामी होणार होती. त्या वाक्याऐवजी मी "येती" म्हणालो, आणि तेही शेठचा प्रश्न पुरता संपायच्या आत.

शेठ म्हणाले, "म्हाताऱ्या मानसाला मी कारण सांगत न्हाई. मी म्हनंन, पोरगं तयार झालंय, त्याला म्होरं येऊ द्या. तूबी बोलू नगं."

दोन दिवसांनी मास्तर न्हावऱ्याला आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. एसटीतून उतरून विचारत विचारत. मी रानातून आलो तेव्हा ते अंगणात आप्पांशेजारी खाटेवर बसले होते आणि आप्पांना नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगत होते, "शेठ मला काय म्हणाले माहीत आहे का? तुमचा पोरगा माझ्यापुढे गेला! दोनच वर्षांत! शिकवणाऱ्याला याच्यापेक्षा काय पाहिजे?" आईने पोळ्या केल्या. मास्तरांनी पिशवीतून त्यांची गिटारची लांब वायर काढली, जुनी, कापडाने गुंडाळलेली, आणि माझ्या हातात दिली. "ही तुटत नाही," म्हणाले.

त्यांना एसटीत बसवायला मी फाट्यावर गेलो. गाडीला वेळ होता. लिंबाखाली ते माझ्या समोर उभे राहिले, अगदी समोर, आणि म्हणाले, "तू काही बोलला नाहीस ना?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मला माहीत आहे रे, तू बोलणार नाहीस. उगाच विचारलं. म्हातारपणी संशय येतो."

"न्हाई बोललो, मास्तर," मी म्हणालो. स्पष्ट, ओठ दिसतील असं.

त्या हंगामात वरवंडच्या एका दुपारच्या लग्नात ते मला ऐकायला आले. खुर्ची ओढत ओढत त्यांनी स्टेजला चिकटवली आणि फळीवर तळहात ठेवून बसले. मी चार गाणी वाजवली. त्यांनी प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या, गाणं संपण्याच्या जरा आधी. लोक वळून बघत होते. त्यानंतर मी दौंडला गेलो नाही. आधी कारखान्याची पाळी, मग लग्न, मग मुलगी झाली. कारणं लागतील तेवढी होती. तीन वर्षं मी त्यांच्या जागेवर उभा राहून वाजवलं. मग सगळीकडे डीजे आले आणि ऑर्केस्ट्राही मोडला.

असंच सात-आठ वर्षांनी, कारखान्यातला दौंडचा एक फिटर बोलता बोलता म्हणाला, "ते लाकूड चाखणारं मास्तर, आता पार भिंतीवानी झाल्यात. दिसतबी न्हाई नीट." त्या रविवारी सकाळी मी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. एसटीत वाक्य पाठ करत होतो.

पडदा बाजूला करून आत गेलो आणि समोर उभा राहिलो. मास्तर खिडकीशी बसले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी माझा चेहरा हातांनी चाचपला आणि ओरडले, "आक्का! माझा पोरगा आलाय!"

आक्का आतून आली. वाकली होती, पण खणखणीत. तिने घरचं विचारलं, मी मुलीचं सांगितलं. तिने मला सांगितलं, की आता दातांनीही काही येत नाही आणि ओठही दिसत नाहीत. काही सांगायचं तर ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि मास्तर पाटी डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. "तू मला सांग. मी लिहिते."

मास्तर बोलत होते. तिला शंभरदा सांगितलेलं परत सांगत होते. "ह्याला गाडीत सांगितलं होतं मी. ह्याला एकट्याला. शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, आक्का. ऑर्केस्ट्रातून उठलो ते मानाने उठलो. दुसरा कुणी असता तर गावभर केलं असतं."

मी खाली बसलो आणि आक्काला सांगितलं. सगळं. स्टँडसमोरचा चहा, शेठ काय म्हणाले, मी काय म्हणालो, काय म्हणालो नाही, आणि फाट्यावर त्यांच्या तोंडावर काय खोटं बोललो. मास्तरांच्या पुढ्यात, चांगल्या मोठ्या आवाजात. ते एकदा माझ्याकडे, एकदा आक्काकडे बघत होते, गोष्ट रंगात आली की मुलं बघतात तसे.

माझं संपलं. आक्काच्या हातात पाटी होती. तिने एकदा मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. मग लिहायला लागली. लिहून झाल्यावर मला दाखवलं नाही, सरळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

मास्तरांनी अक्षर न् अक्षर लावून वाचलं, "मुलीला, गिटार, शिकवतोय, म्हणतो." आणि आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली. "दांड्याची घेऊन देऊ नकोस तिला! सांगून ठेवतो!"

मी आक्काकडे बघितलं. माझा चेहरा पडला असावा.

"हस," आक्का म्हणाली. ती स्वतः हसत होती, मास्तरांकडे बघून, आणि त्याच हसऱ्या तोंडाने माझ्याशी बोलत होती. "तोंड पाडू नको. तेवढं त्याला अजून दिसतं."

"आक्का, मला त्यांना सांगायचं होतं."

"तुला हलकं व्हायचं होतं. म्हणून आलास." तिने पाटी पदराने पुसली. "ह्याचं सगळं गेलं. कान गेले, डोळे गेले. एवढी एक गोष्ट राहिली, की कुणाला कळलं नाही आणि तू शब्द पाळलास. रोज सकाळी मला ऐकवतो. ती मी तुला नेऊ देणार नाही. तुझं तुझ्याजवळ ठेव आणि परत येत जा."

"काय म्हणते ही?" मास्तरांनी विचारलं.

आक्काने लिहिलं, "जेवून जा म्हणते."

"मग! जेवूनच जायचं," मास्तर म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बसले. आत आक्काने पिठात पाणी घातलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि भाकरी होईपर्यंत मी हसत बसलो.